जुन्या फोर बाय फोर पिकअपचं पुढचं अंग आणि स्टेअरिंग: नागपुरात पहिल्यांदा हात घालणाऱ्यांसाठी

आमच्याकडे १९७८ ची लांब चेसिसची महिंद्रा फोर बाय फोर आहे, मागे डाला असलेली. काटोलजवळच्या बागेतून संत्र्याचे क्रेट कळमन्याला न्यायला बाबांनी ती वीस-बावीस वर्षं चालवली, मग ती गोठ्याशेजारी उभी राहिली ती राहिलीच. मी तिला नागपुरात आणलं तेव्हा स्टेअरिंग पाव फेरा फिरवलं तरी चाकं जागची हलत नव्हती. काटोल रोडवर काटा पन्नासच्या पुढे गेला की पुढची चाकं अशी थरथरायची, की गाडी कडेला घेऊन थांबण्यावाचून इलाज नसायचा.

मी सगळ्यात आधी पॉवर स्टेअरिंग बसवलं. स्टेअरिंग हलकं झालं, पण थरथर तशीच राहिली, गाडी सरळ रस्त्यावरही इकडे-तिकडे भटकत राहिली, आणि सात महिन्यांनी स्टेअरिंग बॉक्सच्या (चक्राचं फिरणं चाकांकडे पोचवणारी पेटी) बोल्टाशेजारी चेसिसला बोटभर तडा दिसला. सगळं उतरवलं आणि जमिनीपासून वर सुरुवात केली: टायर, हब (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग), किंगपिन (चाक डावी-उजवीकडे वळतं ती खुंटी), पाटे (लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग), चेसिस, टायरॉड (दोन्ही चाकं सोबत वळवणारा आडवा दांडा), मग बॉक्स. या क्रमाने गेलं की निम्मा त्रास बॉक्सला हात लावायच्या आधीच संपतो. पॉवर स्टेअरिंगने झिजलेला सांधा नीट होत नाही, तो फक्त हाताला कळेनासा होतो.

खाली लिहिलंय ते कॅम-लिव्हर जातीचा जुना स्टेअरिंग बॉक्स, सलग पुढचा अॅक्सल, बंद नकल (किंगपिनवर चाकासोबत वळणारा, गोल आवरणातला सांधा) आणि पाट्यांवर बसलेली गाडी डोळ्यांसमोर ठेवून. विलीस, म्हणजे मूळ जीप बनवणारी अमेरिकन कंपनी, तिच्या घराण्यातल्या बहुतेक जुन्या जीप आणि पिकअप अशाच आहेत.

१. पाना उचलण्याआधी कागद

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. झिजलेलं बुश, बेअरिंग, किंगपिन, टायरॉड एंड बदलणं ही दुरुस्ती झाली. दुसऱ्या गाडीचा अॅक्सल किंवा वेगळ्या जातीचा बॉक्स बसवणं हा बदल झाला, आणि त्याबद्दल आरटीओत आधी लेखी विचारा, उत्तर फाइलला लावा. तुमची गाडी कुठल्या कार्यालयात येते तेही पाहून घ्या. शहराचं एमएच-३१ गिरीपेठेत, पूर्व नागपूर एमएच-४९, आणि काटोल, सावनेर, उमरेडकडच्या गाड्या ग्रामीणमध्ये, एमएच-४०.

पिकअपवाल्यांसाठी एक खास गोष्ट. तुमच्या आरसीवर ती खासगी आहे की मालवाहू, हे वाचा. खासगी असेल तर १५ वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण, आणि पुढे दर ५ वर्षांनी. मालवाहू असेल तर आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस. स्टेअरिंग आणि ब्रेक तिथे हमखास पाहतात, म्हणून तारीख जवळ असेल तर गाडी खोलून ठेवू नका.

गाडी ५० वर्षांवरची असेल तर अजून एक वाट आहे. जुलै २०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, व्यवसायाला न वापरलेली दुचाकी किंवा चारचाकी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात आणि नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये ठेवलं आहे. पण त्यासाठी चेसिस, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला चालत नाही, आणि अशी गाडी रोजच्या कामाला रस्त्यावर आणता येत नाही. माझी १९७८ ची, म्हणजे तिला २०२८ मध्ये ५० पूर्ण होतील. तुमची त्या उंबरठ्यावर असेल तर चेसिस कापण्याआधी दहा वेळा विचार करा. कापलेलं परत येत नाही.

जवळ ठेवायचे कागद: आरसी, विमा, पीयूसी, चेसिस नंबरची पेन्सिलने घेतलेली छाप, काम सुरू होण्याआधीचे चारही बाजूंचे फोटो, आणि प्रत्येक सुट्या भागाचं बिल. भंगारातून बॉक्स किंवा अॅक्सल घेत असाल तर तो ज्या गाडीचा आहे तिचा नंबर बिलावर लिहून घ्या. नाही लिहून दिला तर तो भाग घेऊ नका, कितीही चांगला दिसो.

२. हत्यारं आणि सामान

- दोन टनांवरचा जॅक आणि चेसिसखाली लावायच्या चार मजबूत घोड्या. विटा, लाकडाचे ठोकळे अजिबात नाही.
- इंची आणि मेट्रिक, दोन्ही पाने. जुन्या जीपचे आटे इंची, नवीन भागांचे मेट्रिक.
- टॉर्क पाना, टायरॉड एंडचा पुलर, पिटमन आर्मचा (बॉक्समधून बाहेर निघणारा हात) पुलर, हबच्या मोठ्या नटाचा डबा पाना.
- स्प्रिंगचा वजनकाटा, ज्याला हूक असतो तो. पुढे किंगपिनला लागेल.
- सब्बल, खडू, सुतळी, ओळंबा, मीटर पट्टी, कोन मोजायचं साधन.
- डिझेलची परात, ब्रश, ग्रीस, नवीन कॉटर पिनांची (नट सुटू नये म्हणून भोकात घालून वाकवायच्या पिना) पुडी.

बोल्टबद्दल दोन शब्द. डोक्यावर ८.८ किंवा १०.९ कोरलेलं असेल तो मेट्रिकमधला मजबूत बोल्ट. इंची बोल्टावर आकडा नसतो, रेघा असतात: तीन रेघा म्हणजे ग्रेड ५, सहा म्हणजे ग्रेड ८. कोऱ्या डोक्याचा बोल्ट स्टेअरिंगच्या जवळपासही नको. इतवारीत लोहा ओळीकडे गेलात तर जुना बोल्ट खिशात घेऊन जा आणि नवीन नट त्यावर हाताने शेवटपर्यंत फिरवून पाहा. अर्ध्यात अडकला तर आटे वेगळे आहेत. पान्याने रेटून बसवलेला नट पहिल्या खड्ड्यापर्यंतच धरतो.

३. काही न खोलता एक सकाळ द्या

मे महिन्यात हे काम करणार असाल तर सहा वाजता सुरू करा. अकरा वाजता चेसिसला हात लागत नाही.

पहिले टायर. थंड असताना हवा मोजा, दोन्ही बाजू सारख्या करा. टायर कडेने फुगलेला किंवा एका अंगाने खाल्लेला असेल तर बाकी कशाचंच निदान खरं येणार नाही. मागचे चांगले टायर पुढे लावून एक फेरी मारा. थरथर निम्म्याने कमी झाली तर रोग कुठे आहे ते कळलंच.

चाक काढताना लक्षात ठेवा: जुन्या जीपमध्ये डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात. ते उजवीकडे फिरवले की सुटतात. हे माहीत नसल्यामुळे लोक चार फुटांचा पाइप लावतात आणि स्टड तोडतात.

मग गाडी चारही चाकांवर, इंजिन बंद. एकाला स्टेअरिंग थोडं थोडं डावी-उजवीकडे हलवायला सांगा, आणि तुम्ही खाली झोपून बॉक्सपासून चाकापर्यंत एकेक सांध्यावर हात ठेवत जा. पिटमन आर्म, ड्रॅग लिंक (पिटमन आर्मपासून पुढे जाणारा दांडा), बेलक्रँक (मधल्या पिनेवर फिरून हालचाल टायरॉडकडे देणारा हात) असेल तर तो, टायरॉडची दोन्ही टोकं. एका बाजूने हालचाल आत येते आणि दुसऱ्या बाजूने बाहेर जात नाही, तो सांधा गेला. बॉक्स चेसिसवर हलतोय का तेही बघा. माझ्या गाडीत जो पाव फेरा खेळ होता त्यातला बॉक्सचा फारच थोडा निघाला. सगळ्यात जास्त होता बेलक्रँकच्या पिनेत.

आता पुढचं चाक उचला आणि टायर वर-खाली धरून हलवा. खेळ लागला तर मदतनिसाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर तो हबच्या बेअरिंगचा. तसाच राहिला तर किंगपिनचा. ही युक्ती मला वाडीच्या एका म्हाताऱ्या मिस्त्री काकांनी शिकवली. मी त्यांना म्हटलं, काका, स्टेअरिंग फार जड आहे, मोठा बॉक्स लावून द्या. ते म्हणाले, "काहून बाप्पा? स्टेअरिंग जड नाई, तुह्या किंगपिना गंजल्या हायेत. पहिले चक्का उचलून पाय." त्यांनी ड्रॅग लिंक सोडवली आणि चाक हाताने फिरवायला लावलं. मला दोन्ही हातांनी जोर लावावा लागला, आणि मध्ये एका जागी खाच असल्यासारखं अडकत होतं. बॉक्स तर जोडलेलाच नव्हता!

शेवटी मीटर पट्टी. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर डावीकडून आणि उजवीकडून मोजा. फरक आला तर पाट्यांचा सेंटर बोल्ट तुटून अॅक्सल सरकलेला असू शकतो. सगळं वहीत लिहा.

४. चेसिस: इथे घाई केली तर पुढचं सगळं वाया

डिझेल आणि तारेच्या ब्रशने चेसिसची पुढे आलेली दोन्ही टोकं, म्हणजे शिंगं, बॉक्सची जागा आणि पाट्यांचे हँगर चकचकीत करा. तडा रंगाखाली लपतो. मला दिसला तो चेसिस पुसून त्यावर खडूची भुकटी चोळली तेव्हा: पांढऱ्यावर केसासारखी एक तेलकट रेघ हळूहळू उमटत गेली. बोल्टाच्या भोकापासून निघून खालच्या पट्टीकडे वळलेली.

तडा असाच वरून वेल्ड करू नका. त्याच्या टोकाला आधी छोटं भोक पाडायचं, म्हणजे तो पुढे सरकत नाही. मग ग्राइंडरने तड्यावर व्ही आकाराची खाच काढायची, आरपार वेल्ड भरायचं, वरून सपाट करायचं आणि त्यावर पट्टी मारायची. पट्टीची टोकं तिरपी किंवा चौकटच्या पानासारखी कापा. सरळ उभी कड ठेवली तर बरोबर त्या कडेशेजारी नवीन तडा जातो. ७०१८ चा कोरडा वेल्डिंग रॉड वापरायला सांगा, पावसाळ्यात तर आवर्जून. बॅटरीची वायर आधी काढा.

बॉक्सचे बोल्ट चेसिसच्या पोकळ भागातून जात असतील तर आत नळीचा तुकडा घालून वेल्ड करायलाच हवा. नळी नसेल तर बोल्ट आवळताना चेसिसच्या भिंती आत दबतात, बोल्ट दर महिन्याला सैल होतो, बॉक्स हलायला लागतो आणि तडा परत येतो. माझ्या पहिल्या कामात नेमकी ही नळी घातलेली नव्हती. ज्यांनी बसवलं त्यांनी बोल्ट मात्र चांगले जाड वापरले होते.

५. पाटे, बुश आणि कॅस्टर

पाट्यांची बुशं आणि शॅकलच्या (पाट्याचं टोक चेसिसला टांगणारी हलती जोडपट्टी) पिना बदला, यात विचार करण्यासारखं काही नाही. सब्बल घालून उचकटल्यावर शॅकल आडवं हललं तर गाडी भटकणारच. यू-बोल्ट एकदा काढले की नवीनच लावा, ते ताणलेले असतात.

पाटे बसले असतील तर पाटेवाल्याकडून कमान भरून घेता येते. पण गाडी उंच दिसावी म्हणून जास्तीचे पाटे घालू नका. पाटे कडक झाले की पुढचं अंग उड्या मारतं, आणि ड्रॅग लिंक तिरपी झाली की प्रत्येक खड्ड्यात स्टेअरिंग आपोआप ओढलं जातं.

कॅस्टर समजून घ्या, कारण थरथर आणि भटकणं यांचं मूळ बऱ्याचदा इथे असतं. बाजूने पाहिलं तर किंगपिनचं वरचं टोक किंचित मागे झुकलेलं असावं. त्या झुकण्यामुळेच वळणानंतर स्टेअरिंग सोडलं की आपोआप सरळ येतं, सायकलचं पुढचं चाक येतं तसं. विलीसच्या जुन्या जीपसाठी हा कोन ३ अंशांचा दिलेला आहे, कॅम्बर, म्हणजे समोरून पाहिल्यावर चाकाचं वरून बाहेर झुकणं, दीड अंश. पाटे बसले, शॅकल बदलली, की हा कोन हरवतो.

तो परत आणायला पाटा आणि अॅक्सल यांच्यामध्ये लोखंडाची पाचर घालतात. इथे बरेच जण पाचर उलटी घालतात. अॅक्सल पाट्याच्या वर बसलेला असेल तर पाचरीची जाड बाजू पुढे. पाटा अॅक्सलच्या वर असेल तर जाड बाजू मागे. पाचरीला सेंटर बोल्टाचं भोक हवंच, आणि दोन्ही बाजूंना सारख्या कोनाची पाचर.

कॅस्टर वाढवला की पुढच्या डिफ्रेन्शियलचं नाक खाली झुकतं आणि पुढच्या प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसवर ताण येतो. म्हणून दोन-तीन अंशांपेक्षा जास्त कोनाची पाचर घालू नका, आणि फोर व्हीलमध्ये टाकून आवाज ऐका. लांब शॅकल लावणाऱ्यांनी आधी शॅकल कुठे आहे ते पाहावं. ती पाट्याच्या पुढच्या टोकाला असेल तर लांब शॅकलने कॅस्टर कमी होतो, आणि गाडी उंच होण्याच्या नादात थरथर विकत घेतली जाते.

६. नकल, किंगपिन आणि हब

हे काम घाणेरडं आहे, वेळ खाणारं आहे, आणि सगळ्यात जास्त फरक यानेच पडतो.

हब खोलताना क्रम असा: बाहेरचा नट, त्यामागे वाकवलेली लॉक वॉशर, मग आतला नट. बेअरिंग डिझेलमध्ये धुऊन उजेडात फिरवा. रोलरवर निळसर डाग किंवा वाटीत खड्डे दिसले तर वाटीसकट बदला, फक्त वरचं बेअरिंग नाही.

बंद नकलमधून अॅक्सलचा शाफ्ट बाहेर आला की मोठ्या गोळ्याचा पृष्ठभाग पाहा. गंजाचे खड्डे पडलेले असतील तर नवीन सील पहिल्याच पावसात फाटेल. खड्डे कमी असतील तर बारीक पॉलिश पेपरने गुळगुळीत करता येतं. आपल्याकडची काळी माती वाळली की सिमेंटसारखी होते आणि या सीलला कानशीसारखी घासते. शेतातून आल्यावर नकलच्या भोवती पाणी मारून पुसून ठेवायची सवय लावा.

किंगपिनची वरची आणि खालची बेअरिंग नवीन घाला. वर-खाली झाकणांखाली पातळ शिम (पत्र्याच्या चकत्या) असतात. काढतानाच वरच्या आणि खालच्या शिम वेगवेगळ्या पुडीत बांधून ठेवा, नावासकट. शिम कमी केल्या की बेअरिंग घट्ट, वाढवल्या की सैल. इथे अंदाजाने भागत नाही. मोठं सील न लावता, टायरॉड न जोडता, स्टेअरिंग आर्मच्या भोकात वजनकाट्याचा हूक अडकवून नकल सावकाश ओढायची आणि ती फिरत असताना काटा किती दाखवतो ते पाहायचं. माझ्या गाडीत पहिल्यांदा काटा दीड किलोसुद्धा दाखवत नव्हता. एकेक शिम काढत दोन्ही बाजू सहा किलोच्या आसपास आणल्या. त्या संध्याकाळी जुन्याच बॉक्सवर गाडी घराबाहेर काढली तर थरथर गेलेली होती. पॉवर स्टेअरिंगवर जे सुटलं नव्हतं ते सात-आठ कागदासारख्या पत्र्यांनी सुटलं.

हब परत लावताना आतला नट हब फिरवत फिरवत तो जड होईपर्यंत आवळा, मग एका फेऱ्याचा सहावा भाग सोडा. लॉक वॉशर, बाहेरचा नट, आणि वॉशर वाकवून बंद.

कोणी तुम्हाला पूर्ण दुसरा अॅक्सल देऊ करत असेल, तर आधी त्याच्या डिफ्रेन्शियलचे दात मोजून घ्या. पुढचं आणि मागचं गुणोत्तर एकच हवं. फरक असलेला अॅक्सल टू व्हीलमध्ये मुकाट चालतो. फोर व्हीलमध्ये टाकून कोरड्या डांबरावर निघालात की ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) तुटते.

७. टायरॉड, ड्रॅग लिंक, बेलक्रँक

टायरॉडच्या एका टोकाला उलटे आटे असतात, म्हणूनच नळी फिरवून लांबी बदलता येते. एंड विकत घेताना एक सुलटा आणि एक उलटा, असे मागा.

बेलक्रँकवाल्या गाडीत दोन रस्ते आहेत. एक, क्रँकची पिन आणि बेअरिंग नवीन करून मूळ रचना ठेवायची. दोन, बेलक्रँक काढून चाकापासून चाकापर्यंत एकच लांब टायरॉड आणि बॉक्सपासून थेट ड्रॅग लिंक. शेतात-बागेत हळू चालणाऱ्या, मूळ रूपात ठेवायच्या गाडीला मी पहिला रस्ता सुचवेन. हायवेला रोज काढणार असाल तर दुसरा, कारण सांधे कमी होतात.

टायरॉड, ड्रॅग लिंक, पिटमन आर्म, स्टेअरिंग आर्म: यांतलं काहीही कापून जोडायचं नाही, गरम करून वाकवायचं नाही. लांबी जुळत नसेल तर दुसऱ्या गाडीचा योग्य लांबीचा भाग शोधा किंवा हिंगणा एमआयडीसीत लेथवर जाड भिंतीच्या नळीत आटे पाडून नवीन बनवून घ्या. "कुछ नहीं होता" म्हणणाऱ्याकडून गाडी उचलून आणा. हा भाग तुटतो तेव्हा स्टेअरिंग हातात असतं आणि चाक स्वतःच्या मनाने जातं.

कॉटर पिन प्रत्येक वेळी नवीन. भोक जुळत नसेल तर नट आणखी आवळून जुळवा, सैल करून नाही.

८. बॉक्स: जुना ठेवायचा की पॉवर

इथवर आल्यावर आधी पंधरा दिवस जुन्या बॉक्सवर गाडी चालवा. बॉक्सच्या बाजूला जुळवणीचा स्क्रू असतो, त्याने थोडा खेळ काढता येतो. पण चाकं अगदी सरळ असतानाच तो जुळवायचा. बॉक्स मध्यभागी सगळ्यात घट्ट असतो. वळवलेल्या चाकांवर जुळवलात तर सरळ येताना अडकेल. नेहमीच्या आकाराचे टायर असतील तर अनेकांना इथेच थांबता येतं.

पॉवर हवंच असेल, तर सलग अॅक्सल आणि पाट्यांच्या गाडीला बॉल-नट जातीचा, आतच पॉवर असलेला बॉक्स लावा. आधुनिक गाड्यांचा रॅक लावू नका. पाट्यावर अॅक्सल वर-खाली होतो, चेसिसवरचा रॅक होत नाही, आणि प्रत्येक धक्क्याला चाकं स्वतः वळतात.

बॉक्स विकत घेण्याआधी तो जमिनीवर ठेवा. शाफ्ट उजवीकडे फिरवा आणि पिटमन आर्म कुठल्या दिशेला जातो ते तुमच्या गाडीशी ताडून पाहा. बॉक्स अॅक्सलच्या पुढे आहे की मागे, आर्म खाली लोंबतो की आडवा फिरतो, यावर दिशा बदलते. उलटा बॉक्स बसवला तर स्टेअरिंग उजवीकडे आणि गाडी डावीकडे.

मग बॉक्सचा मध्य. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फेरे मोजा, निम्मे परत या, तिथे खूण करा. चाकं सरळ ठेवून, बॉक्स त्या खुणेवर ठेवूनच ड्रॅग लिंकची लांबी ठरवा. स्टेअरिंगचं चक्र वाकडं आलं तर ते काढून सरळ लावा, ड्रॅग लिंकने ओढून नका आणू.

पंप बसवताना पुली इंजिनच्या पुलीशी एका रेषेत हवी. आपल्या जुन्या, ट्रॅक्टरच्या वळणाच्या डिझेल इंजिनांचे फेरे कमी असतात, म्हणून पंपाची पुली मोठी घेतलीत तर गाडी उभी असताना स्टेअरिंग जडच राहील. जास्त दाबाचा पाइप साध्या क्लिपवर भागत नाही, जेसीबीचे होज बनवतात त्यांच्याकडून दाबून घ्या आणि एक्झॉस्टपासून लांब न्या. तेल भरल्यावर पुढची चाकं उचलून, इंजिन बंद ठेवून, या टोकापासून त्या टोकापर्यंत वीसेक वेळा फिरवा. बुडबुडे थांबले की मगच इंजिन सुरू.

नकलवरचे स्टॉप बोल्ट असे ठेवा, की चाक बोल्टला आधी टेकेल आणि बॉक्स आतून नंतर. नाहीतर पूर्ण वळणावर बॉक्सचा सगळा जोर चेसिसवर येतो.

जुना स्टेअरिंग शाफ्ट एकसंध लोखंडी दांडा आहे, तो समोरून धडक बसली तर सरळ छातीकडे येतो. बॉक्स बदलताय तर दबणारा कॉलम आणि दोन क्रॉस जॉइंट लावूनच घ्या. दोन्ही जॉइंटचे काटे एकमेकांशी जुळलेले हवेत, नाहीतर चक्र एका जागी हलकं, एका जागी जड लागतं.

९. हात लागलाच आहे तर ब्रेक

हब उघडे आहेत तोवर व्हील सिलिंडर, रबर होज आणि लायनर बदलून टाका. डिस्क लावणार असाल तर आधी रिम कॅलिपरला घासतो का ते पाहा. जुन्या जीपचा मास्टर सिलिंडर फ्लोअरखाली असतो, कॅलिपरपेक्षा खाली, म्हणून डिस्कच्या लाइनला २ पीएसआयचा रेसिड्युअल व्हॉल्व्ह लागतो, नाहीतर तेल मागे उतरतं आणि पेडल दोनदा मारावं लागतं. मूळ मास्टर एकाच लाइनचा असतो: एक पाइप फुटला की चारही चाकांचा ब्रेक जातो. पुढे डिस्क येवोत न येवोत, दोन लाइनचा मास्टर लावा.

१०. टो-इन (चाकांचं पुढून किंचित आत वळलेलं असणं) आणि चाचणी

चाक उचलून फिरवत फिरवत टायरच्या मध्यावर खिळ्याने एक बारीक रेघ ओढा, खाली खडू लावलात तर स्पष्ट दिसते. गाडी खाली ठेवून दोन-तीन फूट पुढे ढकला म्हणजे पाटे बसतील. मग हबच्या उंचीवर, टायरच्या पुढच्या बाजूने दोन रेघांमधलं अंतर मोजा, तसंच मागच्या बाजूने. पुढचं अंतर मागच्यापेक्षा साधारण १ ते २.५ मिलिमीटर कमी हवं. रेडियल टायर असेल तर मी एकच्या जवळ ठेवतो. टायरॉड फिरवा, पुन्हा ढकला, पुन्हा मोजा. मला पहिल्यांदा नऊ वेळा मोजावं लागलं.

पहिली फेरी मोकळ्या मैदानात, मग गोरेवाड्याकडचा रस्ता तीस-चाळीसने. त्यानंतर रामटेक. गडाच्या वळणांवर चढताना प्रत्येक वळण संपलं की पकड ढिली करा, स्टेअरिंग स्वतःहून सरळ यायला हवं. येत नसेल तर कॅस्टर कमी आहे किंवा किंगपिन जास्त घट्ट. उतरताना ब्रेक लावल्यावर गाडी एका बाजूला ओढते का ते पाहा.

१०० किलोमीटर झाल्यावर यू-बोल्ट, बॉक्सचे बोल्ट, पिटमन आर्मचा नट आणि चाकांचे नट टॉर्क पान्याने पुन्हा आवळा. हब हाताला गरम लागतात का ते प्रत्येक थांब्याला पाहा, हात ठेवता येत नसेल तर आतला नट जास्त आवळलेला आहे. ५०० किलोमीटरला पुन्हा एकदा खाली झोपा, चेसिसच्या पट्टीवर खडू चोळा आणि रेघ उमटते का ते पाहा.